सीमेपलीकडचे शेजारी आणि आमचा सातबारा

परदेशात घर घेणं, जमीन घेणं, तिथं कायमचं राहायला जाणं ही आता पेपरातल्या जाहिरातीची गोष्ट झाली आहे. ज्याच्याकडे पैसा आहे तो सीमा ओलांडतो आणि तिकडेही मालक होतो. ज्याच्याकडे काही नाही तोही सीमा ओलांडतो. पण तो निर्वासित होतो, कॅम्पात राहतो, नंबर होतो. सीमा एकच. ओलांडणारी माणसं दोन जातीची.

मी हे पुस्तकात वाचून लिहीत नाही. सीमा ओलांडून आलेली माणसं आमच्या भंडारा जिल्ह्यात येऊन राहिली. आमच्या लाखांदूरच्या पलीकडे अर्जुनी-मोरगाव तालुका आहे. 1 मे 1999 ला गोंदिया जिल्हा वेगळा झाला आणि तो तालुका तिकडे गेला. त्याआधी सगळा भंडाराच होता. त्या एका तालुक्यात दोन देशांचे लोक येऊन बसले आहेत. अरुणनगर, संजयनगर, पुष्पनगर या बाजूला पूर्व पाकिस्तानातून आलेले बंगाली. आणि गोठणगाव, प्रतापगडाजवळ, इटियाडोह धरणाच्या अंगाला, तिबेटी. तिबेट्यांच्या वसाहतीचं नाव नोरग्येलिंग. ती 1972 ची. आमची माणसं तिला नुसतं 'तिबेटी कॅम्प' म्हणतात. बंगाल्यांच्या गावांनाही 'बंगाली कॅम्प'च म्हणतात. पन्नास-साठ वर्षं झाली, दोन पिढ्या इथंच जन्मल्या, तरी आमच्या तोंडी त्यांचं गाव झालं नाही. कॅम्पच राहिलं. महारटोली शंभर वर्षांत गाव होत नाही, तसंच हे.

माझा बाप या लोकांवर चिडून होता. त्याचं कारण होतं. 6 डिसेंबर 1964 ला दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली रिपब्लिकन पक्षाचा भूमिहीनांचा सत्याग्रह सुरू झाला. पडीक जमीन भूमिहीनांना द्या, ही त्यातली एक मोठी मागणी. देशभर लाखोंनी माणसं तुरुंगात गेली. माझा बापही गेला. आई बिड्या वळून घर चालवत होती. बाप सुटून आला तेव्हा जमीन आली नव्हती. पुढं त्यानं पाहिलं की जंगल तोडून, बांध्या पाडून, बाहेरून आलेल्या लोकांना पट्टे वाटले जात आहेत. तो म्हणायचा, "तेहीले जमीन भेटली. आमाले का भेटला? जेल. आमी काय पाकिस्तानातून याव लागत होता का?"

हे वाक्य ऐकत मी मोठा झालो. कित्येक वर्षं मीही तेच बोलायचो.

1986 च्या सुमारास रोवण्याच्या दिवसांत माझ्या भाटव्याबरोबर मी बंगाल्यांच्या एका गावात गेलो होतो. बैलजोडीचा सौदा होता. ज्याच्या घरी बसलो तो म्हातारा खुलना जिल्ह्यातला. अर्धी हिंदी, अर्धी मराठी बोलायचा. माझ्या खिशाला बाबासाहेबांचा बिल्ला होता. त्यानं विचारलं, "दादा, तुम्ही आंबेडकरवाले?" मी हो म्हटलं. तो हसला. म्हणाला, "त्यांना घटना समितीत पाठवलं कोणी, माहीत आहे? आमच्या जोगेनबाबूंनी."

मला लाज वाटली. कारण मला माहीत नव्हतं. जयंतीला भाषणं ठोकणारा मी, आणि मला माहीत नव्हतं.

मग मी शोधायला लागलो. गोष्ट अशी आहे. 1946 मध्ये घटना समितीची निवडणूक झाली. प्रांतांच्या विधिमंडळातले आमदार मत देणार होते. मुंबई प्रांतात शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनजवळ बाबासाहेबांना निवडून देण्याइतकं बळ नव्हतं आणि काँग्रेस विरोधात होती. घटना लिहिणाऱ्या माणसाला घटना समितीचं दारच बंद होतं. ते दार बंगालनं उघडलं. जोगेंद्रनाथ मंडल हे बारिसालचे, नमशूद्र समाजाचे पुढारी, फेडरेशनचे बंगालमधले नेते. त्यांनी बंगालच्या विधिमंडळातल्या दलित आमदारांची मतं गोळा केली आणि बाबासाहेब निवडून आले.

नमशूद्र म्हणजे कोण? सरकारी कागदात त्यांना आधी 'चांडाळ' लिहीत. 1911 च्या जनगणनेत ते नाव गेलं आणि नमशूद्र आलं. त्यासाठी त्यांना चळवळ करावी लागली. हरिचांद ठाकूर आणि त्यांचे पुत्र गुरुचांद ठाकूर यांनी मतुआ पंथ उभा केला. गुरुचांद शाळेवर भर द्यायचे. आमच्याकडे जोतीबा, त्यांच्याकडे हे. दोन्हीकडचे लोक एकमेकांना ओळखत नव्हते, पण दुखणं एकच होतं.

1947 ला फाळणी झाली. खुलना, बारिसाल आणि जेसोरचा बराचसा भाग पाकिस्तानात गेला. बाबासाहेबांची बंगालची जागा गेली. मग ते मुंबईतून पुन्हा निवडून आले. इकडे मंडल पाकिस्तानात राहिले. दलित आणि मुसलमान, दोघेही गरीब कास्तकार, एकत्र राहतील असा त्यांचा हिशोब. पाकिस्तानच्या घटना समितीच्या पहिल्या बैठकीचे ते तात्पुरते अध्यक्ष होते. पुढं त्या देशाचे पहिले कायदामंत्री झाले. म्हणजे दोन्ही देशांचे पहिले कायदामंत्री अस्पृश्य समाजात जन्मलेले! पण हिशोब चुकला. 1950 च्या दंगलीत त्यांच्याच लोकांची घरं जळाली. ऑक्टोबर 1950 मध्ये त्यांनी राजीनामा दिला आणि कलकत्त्याला आले.

आता नीट बघा, सीमा कोणी कशी ओलांडली. वरच्या जातीचे जमीनदार, वकील, डॉक्टर आधी आले. त्यांचे कलकत्त्यात नातेवाईक होते, घरं होती. कित्येकांनी तिकडे जाणाऱ्या मुसलमान कुटुंबांशी घर-जमिनीची अदलाबदल केली. इकडचं घर तुझं, तिकडचं माझं. देश बदलला, पण मालकी बदलली नाही. नमशूद्र कास्तकार मात्र चिखलातल्या धानाला धरून बसला. जमीन डोक्यावर घेऊन चालता येत नाही. तो उशिरा निघाला, 1950 ला आणि 1964 च्या दंगलीनंतर. 1952 पासून पासपोर्ट सुरू झाला होता. तो याच्याजवळ कुठून असणार? आला तेव्हा कलकत्त्यात जागा नव्हती. बंगालच्या बाहेर न्या, असं ठरलं. रायपूरजवळच्या माना कॅम्पात तंबूत ठेवलं आणि तिथून जंगलात वाटून दिलं. 1958 ला दंडकारण्य प्रकल्प निघाला तो कोरापुट, कालाहांडी, बस्तरसाठी. आमच्या चांदा आणि भंडारा जिल्ह्यांच्या जंगलातही वसाहती झाल्या. नदीच्या खाऱ्या मुखाजवळचा माणूस मुरमाड रानात आणून टाकला.

काहींना ते सोसलं नाही. 1978 मध्ये दंडकारण्यातले हजारो लोक परत बंगालकडे निघाले आणि सुंदरबनातल्या मरिचझापी बेटावर जाऊन बसले. स्वतः बांध घातले, शाळा काढली. जानेवारी 1979 मध्ये तिथल्या डाव्या सरकारनं बेटाला वेढा घातला, अन्नपाणी तोडलं. मे महिन्यात झोपड्या जाळून लोकांना हुसकावून लावलं. गोळीबार झाला, माणसं उपाशी मेली. सरकार गरिबांचं म्हणवत होतं. मेले ते दलित.

आता आमच्याकडची बाजू सांगतो. ती सांगायला जड जाते. मे 1954 मध्ये भंडारा लोकसभेची पोटनिवडणूक झाली. दोन जागांचा मतदारसंघ. राखीव जागेवर बाबासाहेब उभे होते. माझा आजा चालत जाऊन मत देऊन आला. मालगुजारी कायद्यानं गेली होती, पण मालगुजाराचा धाक गेला नव्हता. बाबासाहेब पडले. काँग्रेसचे भाऊराव बोरकर आठ हजारांवर मतांनी निवडून आले. दुसऱ्या जागेवर अशोक मेहता आले. आजा सांगायचा, निकालाच्या दिवशी टोलीत चूल पेटली नाही.

म्हणजे पाहा. बंगालच्या ज्या नमशूद्रांच्या प्रतिनिधींनी बाबासाहेबांना निवडून दिलं, त्यांनाच देश गमवावा लागला. आणि ज्या भंडाऱ्यानं बाबासाहेबांना पाडलं, त्याच भंडाऱ्याच्या जंगलात ते येऊन पडले. आणि आम्ही, बाबासाहेबांचे म्हणवणारे, त्यांना 'कॅम्पवाले' म्हणत राहिलो. माझ्या बापाचा राग खोटा नव्हता. पण तो चुकीच्या दारावर जाऊन बसला होता.

त्यांना तरी काय भेटलं? पश्चिम बंगालमध्ये नमशूद्र अनुसूचित जातीत आहेत. महाराष्ट्राच्या यादीत ते नाव नाही. सीमा ओलांडली की जात सुटत नाही, जातीचा दाखला मात्र सुटतो. आम्हालाही हे माहीत आहे. 1956 ला आम्ही धम्म घेतला आणि केंद्राच्या सवलती गेल्या. त्या 1990 ला परत आल्या. म्हाताऱ्याचा नातू हुशार होता. कागदावर तो ओपन. गावात मात्र तो कोण आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. जमिनीचंही तसंच. सरकारनं दिलेली ती जमीन कलेक्टरच्या परवानगीशिवाय विकता येत नव्हती.

आणि तिबेटी. लहानपणी मला पहिलं स्वेटर एका तिबेटी बाईकडून घेतलं होतं. हिवाळ्यात ते लोक शहरोशहरी स्वेटर विकायला जातात आणि पावसाळ्यात धान लावतात. तिच्या गळ्यात बुद्धाचं चित्र होतं. आई म्हणाली, "हे पन आपलेच होत." बाईला समजलं नाही, आईला तिचं समजलं नाही. 1959 ला दलाई लामांमागून देश सोडलेले हे लोक. त्यांचा बुद्ध राजवाड्यातून हाकलला गेला. आमचा बुद्ध आम्ही नागपूरच्या मैदानावर स्वतः मिळवला. त्यांच्या गोम्पात आणि आमच्या विहारात फारसं येणं-जाणं झालं नाही, ही आमचीही चूक आहे.

तिबेटी जमीन कसतो, पण ती त्याची नाही. 2014 च्या केंद्राच्या धोरणात अशा वसाहतींना वीस वर्षांचा भाडेपट्टा द्यावा असं लिहिलं आहे. तिबेट्याच्या हाती परदेशी म्हणून नोंदणीचा कागद असतो, तो मुदत संपली की नवा करून घ्यावा लागतो. कायद्याप्रमाणे चीन, पाकिस्तान, बांगलादेश, नेपाळ अशा शेजारी देशांच्या नागरिकाला रिझर्व्ह बँकेच्या परवानगीशिवाय इथं जमीन-घर विकत घेता येत नाही. 1950 ते 1987 या काळात भारतात जन्मलेला तिबेटी जन्मानंच भारतीय नागरिक आहे, हे सांगायला 2010 मध्ये दिल्ली हायकोर्टापर्यंत जावं लागलं.

आता माझा सातबारा. तो नाही. माझ्या आजानं जंगलाच्या कडेला दीड एकर फोडली. आम्ही ती अजून कसतो. कागदावर ते अतिक्रमण. 2006 चा वनहक्क कायदा आला तेव्हा अर्ज केला. आदिवासीनं 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून कसत असल्याचं दाखवलं तर पुरे. गोंडांचं ते रान, त्यांचा हक्क पहिला, त्याबद्दल माझी तक्रार नाही. या पट्ट्यांसाठी तोडलं गेलं तेही त्यांचंच रान होतं आणि त्यांना कोणी विचारलं नव्हतं. पण आम्ही 'इतर पारंपरिक वननिवासी'. आम्हाला पंच्याहत्तर वर्षांचा, तीन पिढ्यांचा पुरावा लागतो. म्हणजे 1930 चा. ऑफिसातला साहेब म्हणाला, "तुमच्या आजाचा कागद आणा." साहेब, माझ्या आजाला शाळेच्या पायरीवर चढू देत नव्हते. कागद कोण देणार होता त्याला?

तिबेट्याजवळ परदेशी म्हणून कागद आहे. बंगाल्याजवळ निर्वासित म्हणून आहे. मी इथलाच, म्हणून माझ्याजवळ कोणताच नाही.

मित्रांनो, मी हिशोब मांडला तो कोणाला जास्त भेटलं हे सांगायला नाही. भांडायचं तर जमीन कोणाच्या हाती आहे तिथं जाऊन भांडू. पुढच्या 14 एप्रिलला अरुणनगरच्या माणसांना बोलवा. जोगेंद्रनाथ मंडलांचा फोटो लावा. गोठणगावच्या तिबेट्यांनाही बोलवा. भाषण नको, नुसते सोबत जेवू.

माझा बाप 1993 ला गेला. मरायच्या आधी मी त्याला मंडलांची गोष्ट सांगितली. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "अगोदर काहून नाही सांगतलास बावा?"

म्हणून आता लिहून ठेवतो आहे.