रिकीब आणि पॅडल : हिंगोली परिसर व मोटारसायकलीची पायनियंत्रणे

हिंगोली हे गाव एके काळी हैदराबाद कंटिन्जंट या फौजेचे ठाणे होते. १९०३ मध्ये ही फौज ब्रिटिश हिंदुस्थानच्या सैन्यात सामावली गेली. घोडदळ हे तिचे एक प्रमुख अंग. घोड्यावर बसणारास रिकिबीची वादी आपल्या पायाच्या लांबीप्रमाणे कमीजास्त करून घ्यावी लागे. वादीला भोके असतात ती याचसाठी. पुढे घोड्याची जागा मोटारसायकलीने घेतली. तिची पायनियंत्रणेही अशीच जुळवून घेता येतात, परंतु दुकानातून गाडी जशी आली तशीच ती वर्षानुवर्षे चालविली जाते. वाहनांच्या इतिहासात इंजिनाची अश्वशक्ती व विक्रीचे आकडे यांना जो मान मिळतो, तो स्वाराच्या पावलाला क्वचितच मिळतो.

प्रारंभीच्या मोटारसायकलींचा गिअर हाताने, टाकीच्या बाजूस असलेल्या दांड्याने बदलत असत. १९२०–३० या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमधील व्हेलोसेट कंपनीने पायाने एकेक टप्पा बदलण्याची योजना आणली व ती सर्वत्र रूढ झाली. मात्र हा दांडा कोणत्या पायाखाली असावा याविषयी एकवाक्यता नव्हती. इंग्रज कारखानदारांनी तो बहुधा उजवीकडे ठेवला आणि मागील ब्रेक डावीकडे. चेकोस्लोव्हाकियातील जावाने याच्या उलट केले.

भारतात या दोन्ही परंपरा जवळजवळ एकाच वेळी येऊन पोहोचल्या. १९५५ मध्ये मद्रास येथे एन्फिल्ड इंडियाची स्थापना झाली आणि बुलेट देशात तयार होऊ लागली. १९६१ मध्ये म्हैसूरच्या आयडियल जावाचे उत्पादन सुरू झाले व तीच गाडी पुढे येझदी या नावाने प्रसिद्धी पावली. या भिन्नतेचा परिणाम केवळ गैरसोयीपुरता नव्हता. समोर अचानक गुरे आली असता पाऊल विचार करीत नाही, सवयीने दाबते. बुलेटवर तयार झालेल्या स्वाराने येझदीवर डावा पाय दाबला तर ब्रेकऐवजी गिअर खालचा पडे. येझदीच्या स्वाराने बुलेटवर उजवा पाय दाबला तर प्रकार याहून वाईट. कारण जुन्या बुलेटचा पहिला गिअर वर व पुढचे खाली असल्याने, गाडी थांबण्याऐवजी वरच्या गिअरमध्ये जाई.

१९७०–८० या दशकाच्या मध्यास अमेरिकेने डावीकडे गिअर व उजवीकडे ब्रेक अशी सक्ती केली आणि इंग्रज कारखान्यांना आपली यंत्रे बदलणे भाग पडले. जपानी गाड्या आधीच त्या पद्धतीच्या होत्या. १९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १०० आली तेव्हा तीच पद्धत भारतीय बाजारात बळावली. त्याच वर्षी मराठवाड्यात वाळूज येथे बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला. तेथील एम-८० या वाहनाचा गिअर मात्र हाताच्या मुठीत होता. जुन्या पद्धतीची बुलेट २०१० च्या सुमारापर्यंत निघत राहिली. १ मे १९९९ रोजी परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला, त्या वेळी बाजूचा प्रश्न बव्हंशी सुटला होता, दिशेचा नव्हे. स्प्लेंडरवर चवडा दाबला की गिअर वर चढतो, पल्सरवर तोच दाब (पहिला गिअर वगळता) गिअर उतरवितो. भरधाव गाडीत चुकून गिअर उतरला तर मागचे चाक घसरू शकते. शेजाऱ्याची गाडी सहज मागून नेण्याची आपल्याकडील रीत पाहता हा धोका लहान मानता येत नाही.

पायनियंत्रण स्वारास जुळविण्याचा विषय यानंतर येतो. गिअरचा दांडा दातेरी दांडीवर बसविलेला असतो. बोल्ट ढिला करून तो एक दाता पुढेमागे करता येतो. आपल्याकडे चवडा व टाच अशा दोन टोकांचा दांडा लोकप्रिय झाला, कारण चपलेतील उघड्या बोटांनी दांडा वर उचलणे क्लेशदायक असते. परंतु एक टोक खाली केले की दुसरे वर जाते. चवडा सुखावला तर टाच अवघडते. म्हणून नेहमीची पादत्राणे घालून, आसनावर बसूनच हे माप ठरविले पाहिजे. काळ्या जमिनीच्या या मुलखात पावसाळ्यात चपलेला चिखलाचा जाड थर चिकटतो, आणि उन्हाळ्यात बरोबर बसलेला दांडा आषाढात तोकडा वाटू लागतो.

ब्रेकचे प्रकरण अधिक नाजूक आहे. ड्रम ब्रेकच्या पॅडलला साधारणतः दोन ते तीन सेंटिमीटर मोकळी हालचाल असावी लागते व ती सळईच्या टोकावरील नटाने साधतात. ब्रेकचे लायनर झिजले की ही हालचाल वाढते, पाय खोल जातो. उलट, सैल झालेली साखळी ताणण्यासाठी मागचे चाक सरकविले की सळईही ताणली जाते व हालचाल घटते. पॅडलला हात न लावताही ब्रेक चाकास घासू लागतो आणि ड्रम तापतो. साखळी ताणल्यावर नट पुन्हा पाहणे आणि मागचा दिवा पॅडल दाबताच लागतो की नाही हे तपासणे, ही कामे मिस्त्रीच्या घाईत राहून जातात.

मागे बसणाराच्या पायाचा विचार कायद्याने अगोदर केला. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२३ व्या नियमाने मागील स्वारासाठी हाताची पकड, पाय ठेवण्याची सोय आणि वस्त्र अडकू नये म्हणून मागील चाकाचा निम्म्याहून कमी नव्हे इतका भाग झाकणारे आवरण आवश्यक केले. एका बाजूस पाय सोडून बसणाऱ्या लुगड्यातील स्त्रीसाठी हे साडीगार्ड किती महत्त्वाचे, हे औंढा नागनाथ वा नर्सीच्या यात्रेस दुचाकीवरून जाणाऱ्या कुटुंबांस सांगावे लागत नाही.

१ एप्रिल २०१९ पासून १२५ घनसेंटिमीटरपर्यंतच्या नव्या गाड्यांना एकत्रित ब्रेक किंवा चाक न अडकविणारी ब्रेक-प्रणाली अनिवार्य झाली. एकत्रित ब्रेकच्या मोटारसायकलीत उजव्या पायाचे पॅडल मागील चाकाबरोबर पुढील चाकालाही आवळते. त्यामुळे पूर्वी केवळ मागच्या चाकापुरती असलेली पॅडलच्या जुळणीतील चूक आता दोन्ही चाकांपर्यंत पोहोचते.