टक्सिडोची कुळकथा

रिसेप्शनच्या स्टेजवर नवरदेव टक्सिडो घालून ताठ उभा असतो, तेव्हा सांगून पटणार नाही. पण हा कोट जन्माला आला तो ऐसपैस बसता यावं म्हणून. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये रात्रीच्या जेवणाला मागे दोन लांब शेपट्या असलेला कोट घालायचा, असा बड्या घरांतला दंडक होता. बसताना शेपट्या सावरायच्या आणि कडक खळ दिलेल्या शर्टात पाठ ताठ ठेवून जेवायचं. तिथल्या युवराजानं, म्हणजे पुढच्या सातव्या एडवर्डनं, यातून वाट काढली. १८६५मध्ये त्यानं लंडनच्या सॅव्हिल रोवरच्या हेन्री पूल या शिंप्याकडे निळ्या रेशमाचा, बिनशेपटीचा आखूड कोट शिवायला टाकला. तोही सॅन्ड्रिंगमच्या खासगी वाड्यात, जवळच्या माणसांच्या पंगतीला घालायला. दरबारात नव्हे.

जेवणानंतर सिगार ओढत बसायचा जो सैलसर कोट असे, त्याचाच हा भाऊबंद. गोल, सलग वळणाची शाल कॉलर त्याच घराण्यातली. फ्रेंच माणूस टक्सिडोला आजही ‘स्मोकिंग’ म्हणतो.

टक्सिडो हे नाव मात्र अमेरिकेचं. न्यूयॉर्कच्या उत्तरेला टक्सिडो पार्क ही धनिकांची वसाहत आणि तिचा क्लब १८८६मध्ये सुरू झाला. तंबाखूवर गबर झालेल्या घराण्यातला पिएर लॉरिलार्ड हा त्याचा कर्ताकरविता. तिथे हा कोट कसा पोचला, याच्या दोन कथा आहेत. एका कथेत जेम्स ब्राउन पॉटर हा सभासद सॅन्ड्रिंगमला पाहुणा गेला आणि युवराजासारखाच कोट घेऊन परतला. दुसरीत लॉरिलार्डचा मुलगा ग्रिझवोल्ड क्लबच्या नाचाला बिनशेपटीचा कोट आणि आत लालभडक सॅटिनची बंडी घालून अवतरला. पोराचा वात्रटपणा चवीनं सांगता येतो, म्हणून दुसरी कथा जास्त चालली. मला पहिली पटते. बड्या घरचा पाहुणचार झोडून आलेला माणूस तिथली एखादी तरी लकब उचलतोच.

आता बाकीचा सरंजाम. शर्टाच्या छातीवर बटणांऐवजी स्टड का? एकेकाळी खळ दिलेला तो भाग पुठ्ठ्यासारखा कडक असे. शिवलेलं बटण त्यातून ओवायचं म्हणजे नखं मोडायची. म्हणून दोन्ही पट्ट्यांना काजं ठेवायची आणि सुटा स्टड आरपार घालायचा. आत चपटी चकती, मध्ये बारीक दांडी, वर काळ्या ऑनिक्सची किंवा शिंपल्याची टिकली. घाईच्या वेळी तो हातातून निसटून हमखास पलंगाखाली जातो, तेव्हा आधी स्टड लावावेत, मग शर्ट अंगात घालावा.

कमरेचा पट्टा मात्र आपल्याकडून गेला. शिपाई, भालदार कमरेला कापड आवळत, तो हा कमरबंद. हिंदुस्थानातल्या उन्हाळ्यात मेसमध्ये जेवताना बंडी नकोशी झालेल्या गोऱ्या अधिकाऱ्यांनी तो उचलला आणि ‘कमरबंड’ करून विलायतेला नेला. त्याच्या चुण्या वरच्या बाजूला उघडतात. त्यात नाटकाची तिकिटं खोचत, असं सांगतात. हा पट्टा असताना पँटला चामडी बेल्ट कशाला? म्हणून खऱ्या टक्सिडोच्या पँटला बेल्टचे लूपच नसतात. ती आतल्या गॅलिसवर तोलायची. बाहेरच्या शिवणीवर रेशमाची एकच पट्टी.

रंगाची गंमत वेगळी. विजेच्या दिव्याखाली काळ्या कापडावर हिरवट झाक येते, गडद निळं कापड उलट काळ्याहून काळं दिसतं. एडवर्डच्या नातवानं, पुढच्या ड्यूक ऑफ विंडसरनं, हा मध्यरात्रीचा निळा रंग लोकप्रिय केला. आजही काळा की निळा, असा प्रश्न पडला तर मी निळ्याच्या बाजूनं. लॅपेल टोकदार घ्या नाहीतर शाल. ऑफिसच्या सुटासारखी खाच असलेली कॉलर घेतली, तर रेशीम लावूनही तो ऑफिसचाच सूट दिसतो. भाड्याच्या दुकानांत नेमकी तीच जास्त मिळते. बो हातानं बांधावा. किंचित तिरका बसला तर बिघडत नाही; आकड्यानं अडकवायचा तयार बो मात्र लांबूनही ओळखू येतो.

मुंबईत हा पोशाख पाहुण्यांइतकाच वादकांच्याही अंगावर रुळला. हॉटेलांच्या नाचघरांत जॅझ वाजवणारे गोव्याचे वादक रात्रच्या रात्र बो बांधून उभे असत. ट्रम्पेटवाले अँतोनियो झेव्हियर वाझ, म्हणजे चिक चॉकलेट, त्यांतलेच. युवराजाचा आरामाचा कोट त्यांच्यासाठी कामाचा गणवेश होता, आणि त्यात घाम गाळून ट्रम्पेट फुंकायची होती.

मे महिन्यात मुंबईत टक्सिडो घालायची पाळी आलीच, तर बंडीच्या वाटेला जाऊ नये. कमरबंद घ्यावा. तो इथल्या उकाड्यासाठीच आहे.