काळी आणि पांढरी

रविवारच्या पुरवणीतल्या घरांच्या जाहिरातींत हल्ली नारायणगाव, मंचर, ओतूर अशी नावं दिसायला लागली आहेत. 'शिवनेरीच्या कुशीत', 'हायवे टच', 'बंगलो प्लॉट'... (टच म्हणजे नक्की किती किलोमीटर, हे विचारायचं नसतं!) नारायणगाव पेपरात यायचं ते टोमॅटोच्या भावासाठी. जुन्नर-आंबेगावच्या माणसाने कित्येक पिढ्या मुंबई-पुण्यात डोकं टेकायला जागा शोधली. आता शहरच त्याच्या बांधावर जागा शोधत आलंय. हे उलटं कसं फिरलं, ते बघताना दोन जुने शब्द फार उपयोगी पडतात.

ते शब्द म्हणजे काळी आणि पांढरी. काळी ही पिकाची जमीन आणि पांढरी ही वस्तीची. जुन्या कागदपत्रांत गावचे लोक म्हणायचं तर 'समस्त पांढरी' असं लिहिलेलं सापडतं. पिढ्यान् पिढ्यांची राख, पडक्या भिंतींची माती मिसळून गावठाणाची जमीन पांढुरकी होते, म्हणून ती पांढरी. घर पांढरीत बांधायचं, काळीत नाही. यात नुसती रूढी नव्हती. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, तिच्यावर उथळ पायाचं घर उभं केलं की भिंतींना चिरा जातात. शिवाय घराने अडवलेली काळी पिकाला कायमची मुकते. हिशोब साधा होता.

आता जुन्नर म्हणजे काही आडगाव नव्हे. दोन हजार वर्षांपूर्वी नाणेघाट चढून आलेला कोकणचा माल इथे उतरायचा. आजूबाजूच्या डोंगरांत दोनशेहून जास्त लेणी आहेत. तिथल्या शिलालेखांत धान्याचे व्यापारी, बांबूकाम करणारे, कासार यांच्या श्रेणींची नावं आहेत. म्हणजे भरपूर धंदे, भरपूर माणसं आणि अर्थातच भरपूर घरं. पुढे १४९० मध्ये मलिक अहमदने निजामशाहीची सुरुवात केली ती इथूनच. मग त्याने अहमदनगर (आजचं अहिल्यानगर) वसवलं आणि दरबार तिकडे गेला. मलिक अंबरच्या काळात थोडी वर्षं राजधानी परत इथे आली, पुन्हा गेली. गावात आजही कल्याण पेठ आहे. घाटाच्या वाटेवरचं बंदर गावाच्या पत्त्यात राहून गेलंय.

जुन्नरहून पुण्याला राहायला गेलेलं सगळ्यात प्रसिद्ध कुटुंब कोणतं, हे सांगायला नको. १६३० मध्ये शिवनेरीवर जन्मलेलं मूल घेऊन जिजाबाई पुण्यात आल्या तेव्हा पुणं उजाड होतं. आदिलशाहीच्या मुरार जगदेवाने ते जाळून तिथे गाढवांचा नांगर फिरवला होता, असं परंपरा सांगते. त्यानंतरची सोन्याच्या नांगराची गोष्ट आपण शाळेत ऐकलेली असते. पण गाढवांच्या नांगराचा अर्थ कुणी नीट सांगत नाही. नांगर चालतो तो काळीत. पांढरीत नांगर घालणं म्हणजे वस्ती संपली, असं जाहीर करणं.

पेशव्यांच्या काळात पुण्याच्या पेठा वाढल्या तेव्हा माणसं आणून वसवावी लागत. पेठेला शेटे-महाजन नेमायचे, येणाऱ्यांना काही वर्षं करमाफी द्यायची. 'ताबा मिळेपर्यंत हप्ता नाही' ही स्कीम बिल्डरांनी शोधून काढलेली नाही! असो.

आमच्या भागाची खरी ओढ मात्र मुंबईकडे. डबेवाले मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नरचे. भायखळ्याच्या भाजीबाजारातले कितीतरी आडते आणि हमालही इकडचेच. घर घ्यायचं हा विचारच नसायचा. दहा बाय दहाच्या खोलीत एका गावचे दहा-बारा पुरुष, बायका-मुलं गावाला. आमचे एक चुलते अशा खोलीत वीस वर्षं राहिले. तिला ते कधीच 'घर' म्हणाले नाहीत, 'खोली' म्हणायचे. घर म्हणजे गावचं. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठली, ती खोली सोडणं वेडेपणाचं झालं. मालकालाही भाड्यात रस उरला नाही आणि पागडीचा व्यवहार फोफावला.

मग १९६९ चा माथाडी कायदा आला. हमालाच्या मजुरीची नोंद व्हायला लागली, फंड साठायला लागला. फंड साठला की माणूस घराचं बोलायला लागतो. १९९६ मध्ये भाजीचा घाऊक बाजार भायखळ्याहून वाशीला गेला आणि त्याच्यामागून माणसंही खाडी ओलांडून गेली. कोपरखैरण्यात माथाडींची छोटी छोटी घरं झाली.

माझं एक निरीक्षण आहे. आमच्याकडच्या माणसाने शहरात जागा घेताना शाळा, बाग, स्टेशन हे सगळं नंतर पाहिलं. आधी पाहिलं ते गावची गाडी कुठून सुटते. मुंबईत कल्याणची बाजू बरी, कारण तिथून मुरबाडवरून माळशेज चढला की ओतूर. पुण्यात भोसरी बरी, कारण नाशिक रस्ता. भोसरी १९७० मध्ये पिंपरी-चिंचवड नगरपालिकेत होतीच. १९९७ मध्ये मोशी महापालिकेत आली, आणि पुढे चाकणला गाड्यांचे कारखाने. एकेक पिढी त्या रस्त्याने गावाच्या दिशेने थोडी थोडी सरकत आली. आपण गावाजवळ आलो असं तिला वाटलं. खरं म्हणजे शहर गावाजवळ येत होतं.

ज्यांना जागा निवडताच आली नाही, त्यांचा उल्लेख जाहिरातीत कसा असणार? आंबेगाव तालुक्याचं ठाणं घोडेगावला आहे. तालुक्याला नाव देणारं आंबेगाव घोड नदीवरच्या डिंभे धरणात बुडालं, काळी आणि पांढरी दोन्हींसकट. धरणाचं पाणी खाली पूर्वेकडच्या शेतांना गेलं, वर राहिलेल्या आदिवासींनी काठाच्या डोंगरावर पुन्हा मांडामांड केली. त्याच तालुक्यातल्या माळीणवर ३० जुलै २०१४ च्या सकाळी डोंगर आला, १५१ माणसं गेली. वाचलेल्यांसाठी आमडे इथे नवं गाव बांधलं, २०१७ मध्ये घरांचा ताबा दिला. पहिल्याच पावसाळ्यात तिथल्या रस्त्यांची आणि भरावाची पडझड झाली, तेव्हा लोकांच्या पोटात गोळा आला असेल तो आपल्याला कळणार नाही. नव्या जागेला पांढरी व्हायला वेळ लागतो.

आणि आता हे प्लॉट. चाळीस गुंठ्यांचा एकर, गुंठा १०८९ चौरस फूट. ऊस-कांद्याच्या रानात चुन्याच्या रेघा मारल्या की झाला ले-आउट. विकणारा भाऊ, हक्कसोडपत्रावर सही करायला बोलावलेल्या बहिणी, आणि आलेल्या पैशांतून मोशीत घेतलेला फ्लॅट. काळी देऊन पांढरी घेतली. चूक म्हणवत नाही. टोमॅटो रस्त्यावर ओतायची वेळ ज्याच्यावर आलीय, त्याला जमीन राखायचा उपदेश मी कोणत्या तोंडाने करू?

घेणाऱ्याला मात्र चार शब्द सांगावेसे वाटतात. पुणे-नाशिक रेल्वेच्या भरवशावर दर ठरवू नका. ती अजून कागदावर आहे, आणि खोडदच्या रेडिओ दुर्बिणीला अडथळा नको म्हणून तिचा मार्गही वादात सापडलेला. सातबारा, बिनशेतीचा आदेश, महारेराचा नंबर हे वकील बघेल. तुम्ही गावठाणात जा, पारावरच्या एखाद्या बाबांना विचारा की या रानात पूर्वी काय पिकायचं. ऊस म्हणाले तर पाया खोल घ्या. खडक म्हणाले तर उन्हाळ्यात पाणी कुठून आणता, ते विचारा. आणि काहीच न बोलता त्यांनी नुसतं ओढ्याकडे बोट दाखवलं, तर चहा पिऊन परत या.