किल्ली कोणाच्या कनवटीला?

वसंत व्याख्यानमालेत मुलांच्या खेळण्यावर बोलावयाचे म्हटले म्हणजे मंडळी जरा चमकतात. तथापि आमचा खरा विषय दप्तर हा आहे. आपल्या हातून घडलेल्या नोंदी कोठे ठेवल्या जातात, त्यांना कुलूप कोण घालतो आणि किल्ली कोणाच्या कनवटीला असते, हा प्रश्न कामगार चळवळीत आम्ही जन्मभर विचारीत आलो. कारखान्यांच्या शेजारी वाढलेल्या आपल्या मानपाड्यात तो कोणास परका वाटू नये.

प्रथम घरचे उदाहरण घेऊ. १८१८ साली पेशवाई बुडाली आणि पुण्याचे दप्तर इंग्रजांच्या ताब्यात गेले. कागद बहुतेक मोडीत. मोडी ही गुप्त लिपी नव्हे. गावच्या कुलकर्ण्यापासून सावकाराच्या मुनिमापर्यंत अनेकांना ती येत होती. म्हणजे वाचण्याची किल्ली लोकांत वाटलेली, पण कोठीची किल्ली सरकारपाशी. अभ्यासकांना तेथे दीर्घकाळ मुक्तद्वार नव्हते. गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ या काळात निवडक कागदांचे ४५ खंड निघाले, तेव्हा कोठे बाहेरच्यांना आतले दिसू लागले. आज कोठी खुली आहे, पण मोडी वाचणारे विरळ झाले. एक किल्ली हाती आली, दुसरी हरवत चालली.

आता खेळण्याकडे वळू. जपानातील क्योतो शहरी १८८९ साली पत्ते करणारा एक कारखाना निघाला. त्याचे नाव निन्टेन्डो. १९८९ साली त्याने गेमबॉय हे हातात धरून खेळावयाचे यंत्र काढले. त्यात खेळाची डबी बसवीत, आणि खेळ कोठवर आला याची नोंद पुष्कळ डब्यांत एका बारक्या बॅटरीच्या जोरावर टिकून राही. डबी ज्याची, नोंद त्याची, असा सरळ व्यवहार.

२०११ साली आलेल्या थ्रीडीएस या यंत्रात व्यवहार गुंतागुंतीचा झाला. खेळाच्या मुख्य नोंदीखेरीज एक जादा दप्तर आले. किर्द-खतावणीला जोडून पुरवणी बाड असावे तसे. मागाहून उतरवून घेतलेली भर, पडद्यावरील चित्रांची मांडणी, असा मजकूर तेथे राहतो. हे बाड एसडी कार्डावर असते. खेळाची डबी मित्राला दिली तर डबी जाते, पुरवणी घरीच राहते.

या बाडाला कुलूप आहे. एईएस या पद्धतीने मजकूर असा घुसळला जातो की, किल्लीवाचून तो निव्वळ अक्षरांचा कचरा दिसावा. ही पद्धत दोघा बेल्जियन संकेतलिपीतज्ञांनी रचली. अमेरिकेने २००१ साली तिला सरकारी मान्यता दिली. किल्ली दोन भागांतून सिद्ध होते: एक भाग यंत्राच्या चिपमध्ये कोरलेला, दुसरा त्याच यंत्राच्या आतल्या साठ्यात ठेवलेला. शिवाय फाइल कोणत्या खणात आहे यावरही घुसळण ठरते. खण बदलला तर वाचन बिघडते. आणि जुन्या पत्राच्या शेवटी मोर्तब असे, तशी प्रत्येक बाडावर एक गणिती मोहोर असते. आत अक्षर बदलले की मोहोर जुळत नाही आणि यंत्र ते बाड नाकारते.

परिणाम पाहा. कार्ड तुमच्या हातात, पण तेच कार्ड दुसऱ्या यंत्रात घातले तर काही वाचता येत नाही. यंत्र पुसून नव्यासारखे केले तर किल्ली बदलते आणि जुने बाड मुके होते. जुन्यावरून नव्या यंत्रावर सारे हलविण्याची सोय कारखान्याने ठेवली होती, परंतु त्यासाठी जुने यंत्र चालू हवे. ते मेले तर?

कारखानदाराची बाजूही ऐकली पाहिजे. कुलूप नसते तर नकला सुटल्या असत्या, खोट्या नोंदींनी खेळात लबाडी झाली असती. हे आम्हांस मान्य आहे. एका कारखान्यात हजेरीचे पुस्तक मालकाच्या कपाटात असे. पुस्तकात कोणी खाडाखोड करू नये, हे मालकाचे म्हणणे रास्तच होते. आमची मागणी एवढीच होती की, कामगाराला त्याच्या हजेरीची नक्कल मिळावी. कुलूप असण्याला आमची हरकत नव्हती. ज्याच्या घामाची नोंद, त्यालाच ती वाचता येऊ नये, याला होती.

या यंत्राचे ऑनलाइन दुकान मार्च २०२३ मध्ये विक्रीस बंद झाले आणि एप्रिल २०२४ मध्ये ऑनलाइन खेळही थांबला. उत्साही मंडळींनी किल्ली काढण्याच्या आडवाटा शोधल्या, म्हणून काहींची बाडे वाचली. पण ज्याची वस्तू त्याने आडवाटेने का जावे?

आज आपली छायाचित्रे, हिशेब, पगाराच्या पावत्या अशाच कुलुपांत जात आहेत. तेव्हा नवे यंत्र घेताना किमतीबरोबर दुकानदारास आणखी एक गोष्ट विचारा: हे यंत्र बंद पडले, तर माझ्या नोंदींची नक्कल मला कशी मिळेल? एकट्याने विचारले तर तो हसेल. शंभरांनी विचारले की त्याला उत्तर शोधावे लागेल, हा आमचा अनुभव आहे.