मेर्सेन संख्या, घातांक ६७ ची

२ या संख्येच्या ६७ व्या घातातून १ वजा केला असता मिळणारी २१ अंकी विषम संख्या. तिचे मूल्य १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७ असून द्विमान पद्धतीत ती ६७ वेळा १ हा अंक ओळीने मांडून लिहितात. ही संख्या अविभाज्य आहे, असा समज दोन शतकांहून अधिक काळ रूढ होता. संख्या सिद्धांताच्या इतिहासात तिला महत्त्व आले ते या समजाच्या निरसनामुळे.

२ च्या अविभाज्य घातांकाच्या घातातून १ वजा करून मिळणारी संख्या स्वतः अविभाज्य असेल, तर तिच्यापासून परिपूर्ण संख्या (स्वतःखेरीज इतर सर्व विभाजकांच्या बेरजेइतकी असणारी संख्या) मिळते, हे यूक्लिड यांनी सिद्ध केले होते. यामुळे अशा संख्यांचा शोध सुरू झाला. मारँ मेर्सेन (१५८८–१६४८) या फ्रेंच धर्मोपदेशक गणितज्ञांनी १६४४ मध्ये २५७ पर्यंतच्या घातांकांपैकी २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ व २५७ यांनाच अविभाज्य संख्या मिळतात, असे प्रतिपादन केले. मात्र त्याची सिद्धता दिली नाही. पुढे या यादीतील ६७ व २५७ हे घातांक चुकीचे ठरले आणि ६१, ८९ व १०७ हे तीन घातांक तीत राहून गेल्याचे आढळले.

एद्वार ल्यूका या फ्रेंच गणितज्ञांनी १८७६ मध्ये घातांक ६७ ची संख्या अविभाज्य नाही, असे दाखविले. त्यांच्या कसोटीला डी. एच. लेमर यांनी १९३० मध्ये सोपे रूप दिले. ४ पासून आरंभ करून प्रत्येक पदाच्या वर्गातून २ वजा केल्यास पुढील पद मिळते. या श्रेणीतील ६६ व्या पदास प्रस्तुत संख्येने पूर्ण भाग जात नाही, म्हणून ती संयुक्त ठरते. या रीतीने संख्येचे अवयव मात्र कळत नाहीत.

ते अवयव फ्रँक नेल्सन कोल (१८६१–१९२६) या अमेरिकन गणितज्ञांनी वर्गशेषांच्या साहाय्याने संभाव्य विभाजकांची छाननी करून शोधले आणि ऑक्टोबर १९०३ मध्ये अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या सभेत मांडले. ते १९,३७,०७,७२१ व ७,६१,८३,८२,५७,२८७ हे असून दोन्ही अविभाज्य आहेत. कोल यांनी एक शब्दही न उच्चारता फळ्यावर गुणाकार करून दाखविला, अशी आख्यायिका ई. टी. बेल यांनी नोंदविली आहे. घातांक ६७ असता प्रत्येक अविभाज्य अवयव १३४ च्या पटीत १ मिळवून येतो, या प्येअर द फेर्मा यांच्या नियमाचा पडताळा येथे मिळतो : १३४ ला अनुक्रमे १४,४५,५८० व ५,६८,५३,६०,१२९ यांनी गुणून १ मिळविल्यास हे अवयव येतात.

संख्या संयुक्त आहे हे ठरविणे आणि तिचे अवयव काढणे यांच्या काठिण्यातील तफावत या उदाहरणातून स्पष्ट होते. हीच तफावत १९७७ मध्ये मांडल्या गेलेल्या आरएसए या गुप्तलेखन पद्धतीचा आधार आहे. कोल यांना दीर्घकाळ परिश्रम करून मिळालेले अवयव आधुनिक संगणक अत्यल्प वेळात काढतो; तथापि शेकडो अंकी संख्यांच्या बाबतीत मूळची अडचण कायम राहते.