दोन परीक्षा आणि एक उमेदवार

अमेरिकेत व्यवस्थापनशास्त्राचे उच्च शिक्षण घेऊ इच्छिणारा पदवीधर, मग तो बडोद्याचा असो की हैदराबादचा, आज एका प्रश्नापाशी अडतो: जी. आर. ई. द्यावी की जीमॅट? हा प्रश्न मात्र फार जुना नाही. या परीक्षा निघाल्या तेव्हा त्यांतून एक निवडावी लागेल, असे कोणाच्या मनातही नव्हते.

जी. आर. ई. वयाने थोरली. १९३६ साली कार्नेगी प्रतिष्ठानाने हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन व कोलंबिया या चार विद्यापीठांच्या साहाय्याने हा प्रयोग आरंभिला आणि १९३७ च्या ऑक्टोबरात पहिली परीक्षा झाली. ती दिली कोणी, तर ज्यांना प्रवेश आधीच मिळालेला होता अशा विद्यार्थ्यांनी! आत आलेल्यांची पारख करणारी ही परीक्षा पुढे दारावरची पहारेकरी झाली. १९४८ मध्ये ती एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिस या नव्या संस्थेकडे गेली.

धाकटीचा जन्म निराळ्या गरजेतून झाला. अभियंते, कलाशाखेचे पदवीधर, नाना महाविद्यालयांतून आलेले उमेदवार यांना एकाच मापाने कसे मोजावे? १९५३ साली नऊ व्यवसायविद्यालयांचे प्रतिनिधी याच विचारासाठी एकत्र आले व १९५४ मध्ये त्यांची परीक्षा सुरू झाली. जीमॅट हे नाव तिला १९७६ मध्ये मिळाले. तीही त्याच संस्थेच्या घरात वाढली. दोघींची क्षेत्रे वाटून दिलेली असल्याने तंट्याला कारणच नव्हते.

ते २००६ मध्ये उत्पन्न झाले. जीमॅट चालविण्याचे काम त्या संस्थेकडून काढून दुसऱ्यांकडे सोपविण्यात आले. मग संस्थेने आपली जी. आर. ई. व्यवसायविद्यालयांपुढे ठेवली. २००९ मध्ये खुद्द हार्वर्डच्या व्यवसायविद्यालयाने ती मान्य केली. विद्यार्थ्याला लाभलेले हे स्वातंत्र्य त्याच्या कल्याणाच्या चिंतेइतकेच, किंबहुना थोडे अधिक, दोन संस्थांच्या स्पर्धेतून उपजले, असे म्हणावे लागते.

स्वभाव मात्र दोघींचे वेगळेच राहिले. जी. आर. ई.मध्ये शब्दसंग्रहाची कसोटी लागते. जीमॅटमधील एका प्रश्नप्रकारात उत्तर काढावयाचेच नसते. दिलेली दोन विधाने उत्तरास पुरेशी आहेत की नाहीत, एवढेच सांगावयाचे. हिशेब उत्तम करणारा विद्यार्थीही येथे ठेचाळतो, कारण हिशेब मध्येच सोडून देणे त्याला जमत नाही.

अर्थशास्त्रातील संशोधन की व्यवसाय, यांत ज्याचे मन अद्याप दोलायमान आहे, त्याला थोरलीच सोयीची; तिचे गुण पाच वर्षे ग्राह्य असतात. तथापि शुल्क भरण्यापूर्वी इष्ट विद्यापीठाचे नियम वाचावेत. ज्या चार विद्यापीठांत ही परीक्षा जन्मली, तेथील कित्येक संशोधन-विभागांनी अलीकडे ती मागणेच सोडले आहे.