अंबादेवी ते येवला : वऱ्हाडातील दलित अस्मितेचे दोन प्रवाह

वऱ्हाडातील अस्पृश्यांच्या चळवळीचा इतिहास लिहिताना अमरावतीच्या अंबादेवी मंदिरप्रवेशाचा उल्लेख बहुधा एका वाक्यात उरकला जातो. नाशिकच्या काळाराम सत्याग्रहाप्रमाणे (१९३०) येथे संघर्ष पेटला नाही, हे त्याचे कारण असावे. तथापि या समाजाने स्वतःची ओळख कशी ठरवावी, हा प्रश्न वऱ्हाडापुरता याच प्रसंगापासून तीव्र झाला, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

१३ नोव्हेंबर १९२७ रोजी अमरावतीच्या इंद्रभुवन थिएटरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली. थोरले बंधू बळीराम यांच्या निधनाची वार्ता त्यांना याच वेळी मिळाली. नुकतेच विलायतेहून परतलेले डॉ. पंजाबराव देशमुख या कार्यात सहभागी होते. वैदिक वाङ्मयातील धर्माचा अभ्यास करून आलेल्या शेतकऱ्याच्या मुलाने देवीच्या दाराशी अस्पृश्यांची बाजू घ्यावी, ही घटना सनातन्यांना अधिकच झोंबली असणार! सत्याग्रह अखेर लांबणीवर पडला. मात्र पुढच्याच महिन्यात महाडला मनुस्मृतीचे दहन झाले.

मंदिर आमचेही आहे, या दाव्यात आपण हिंदू समाजाचेच अंग आहोत, हे गृहीत होते. अमरावती जिल्ह्यातील पुढारी गणेश आकाजी गवई यांनी हे गृहीतक कधी सोडले नाही. मार्च १९३२ मधील राजा-मुंजे कराराच्या, म्हणजे राखीव जागांसह संयुक्त मतदारसंघाच्या, बाजूने ते उभे राहिले. त्या वेळी आंबेडकरांची मागणी स्वतंत्र मतदारसंघांची होती. १९३५ च्या येवल्याच्या धर्मांतर-घोषणेलाही गवईंनी विरोध केला.

पुढील लेखनात गवईंची नोंद प्रायः 'विरोधक' एवढीच उरते. हे अन्यायाचे आहे. २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे करारात मतदारसंघ संयुक्तच राहिले; फरक पडला तो जागांत. जातीय निवाड्यातील ७१ प्रांतिक जागांऐवजी १४८ मिळाल्या, त्यांपैकी २० मध्यप्रांताला. हे यश आंबेडकरांच्या स्वतंत्र मागणीच्या दबावाशिवाय मिळाले नसते, हेही तितकेच खरे. गवईंची चूक संयुक्त मतदारसंघ मागण्यात नव्हती. दार आतून उघडेल, या विश्वासात होती. अंबादेवीच्या अनुभवानंतरही तो टिकावा, याचे आश्चर्य वाटते.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धर्मांतर झाले आणि वऱ्हाडातील महार समाज मोठ्या संख्येने बौद्ध झाला. अस्मितेचा प्रश्न धर्मापुरता सुटला, राजकारणापुरता नाही. रिपब्लिकन पक्षाची शकले होत गेली. १९९८ च्या लोकसभा निवडणुकीत मात्र हे गट एकत्र आले, काँग्रेसशी समझोता झाला, आणि अकोल्यातून प्रकाश आंबेडकर व अमरावतीतून रा. सू. गवई विजयी झाले. दोन्ही मतदारसंघ त्या वेळी सर्वसाधारण होते.